सप्तपाताळचा मन्मथप्पा

सप्तपाताळ हा मराठवाड्यातला पहिला प्रोग्रेसिव्ह रॉक बँड. माझ्या माहितीप्रमाणे शेवटचाही तोच. हल्ली लातुरातली काही मुलं त्याचं एक घरघरणारं जुनं रेकॉर्डिंग फोनवर एकमेकांना पाठवतात, आणि माझा त्या बँडशी संबंध होता असं कळलं की माझ्याकडे आदराने बघायला लागतात. संबंध एवढाच, की बँडचा प्रमुख नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलात माझा रूम पार्टनर होता. आदर मी निमूटपणे स्वीकारतो. खरं सांगितलं तर मुलं हिरमुसतील. खरं असं, की सप्तपाताळ मला कधीही आवडला नाही.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. रॉक संगीत घ्यायचं, त्यातलं नाचण्याजोगं असेल ते काढून टाकायचं, उरलेल्यात ब्रह्मांड भरायचं आणि ते पाऊण तास ढवळत बसायचं. याला प्रगती का म्हणायचं हे मी मन्मथला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "देशपांड्या, पुढं जायलंय म्हणून." कुठे, ते त्याने सांगितलं नाही.

मन्मथ हलकुडे लातूरजवळच्या मुरुडचा. घरचं भांड्यांचं दुकान. होस्टेलात आला तेव्हा कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंग, एका हातात पत्र्याची ट्रंक आणि दुसऱ्या हातात तुरीच्या पोत्यात गुंडाळलेली गिटार. हैदराबादच्या आतेभावाने त्याला इंग्रजी बँडच्या कॅसेटी दिल्या होत्या. त्यांच्या वेष्टनांवर तरंगणारे डोंगर आणि डोळे असलेली झाडं होती. इंग्रजी शब्द त्याला कळत नसत, पण ज्यांना कळत त्यांनाही अर्थ लागत नसे, त्यामुळे त्याचं काही अडलं नाही. त्या कॅसेटी ऐकून मुरुडच्या एका पोराने ठरवलं की आपल्या गोदावरीवरही असंच काही तरी करायचं.

गाण्याला तो गाणं म्हणत नसे. 'कृती' म्हणे. कृती सुरू करण्याआधी तो एक छोटं भाषण करी, आणि त्या भाषणात 'चैतन्य' हा शब्द यायचाच. अंगात झूल असे. ही झूल म्हणजे लाक्षणिक नव्हे, पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालतात ती, आरसे लावलेली, गोंडे असलेली. इंग्रजी बँडवाले पायघोळ झगे घालतात हे त्याने वेष्टनांवर पाहिलं होतं, आणि मुरुडच्या बाजारात त्याच्या जवळपास जाणारी हीच एक वस्तू मिळाली. धुरासाठी ऊददाणी. पहिल्या रांगेतले लोक खोकत, त्याला तो वातावरणनिर्मिती म्हणे.

एक सवय मात्र त्याची कुठल्या कॅसेटीतली नव्हती. हाताला लागेल ते भांडं तो बोटाच्या पेराने वाजवी. मेसचं ताट, बादली, पाण्याचा जग. वाजवायचं, कानाशी धरायचं, आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत कोणाला बोलू द्यायचं नाही. समोरचा मध्येच बोलला तर हात वर करून थांबवी. आमच्या मेसच्या ताटांचा आवाज सुरू होण्याआधीच संपत असे, म्हणून जेवण वेळेवर उरकत होतं, एवढंच.

ही सवय कुठून आली ते मला दिवाळीच्या सुट्टीत मुरुडला गेल्यावर दिसलं. त्याचे वडील, सगळ्यांचे आप्पा, दुकानाच्या गादीवर बसलेले. पांढरं धोतर, काळी टोपी, शब्द मोजके. गिऱ्हाइकाने घागर पसंत केली की आप्पा ती उचलत आणि पेराने एक टोला देत. टण्ण आवाज होई. गिऱ्हाईक लगेच भाव विचारायला जाई, तेव्हा आप्पांचा हात वर. आवाज बारीक होत होत नाहीसा झाला की आप्पा म्हणत, "खोट न्हाई." भाव त्यानंतर. आवाज संपण्याआधी त्या दुकानात भावाची गोष्ट निघत नसे. मोठमोठे बागायतदार आप्पांच्या वर केलेल्या हातासमोर गप्प उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

मन्मथच्या बँडला आप्पांनी विरोध केला नाही. वडील विरोध करतात ही कलावंताची मोठी सोय असते. ती त्याला मिळाली नाही. आप्पा उलट ऐकायला येत.

बँडमध्ये चौघे होते, पण नाव घ्यावं असा दुसरा एकच, ड्रम वाजवणारा जब्बार. तो नांदेडच्या एका लग्नातल्या बँडवाल्यांच्या घरातला. सप्तपाताळमध्ये संगीत कळणारा तो एकटाच माणूस होता असं माझं तेव्हा मत होतं. मन्मथने त्याला साडेसात मात्रांचा ताल दिला तेव्हा तो बराच वेळ काड्या हातात धरून बसला आणि म्हणाला, "मन्मथप्पा, इसमें बारात गिरती रे." मन्मथ म्हणाला, पडू दे. पुढे लातूरच्या एका गणेश मंडळाने हौसेने सप्तपाताळला मिरवणुकीत बोलावलं तेव्हा जब्बारचं म्हणणं खरं ठरलं. पुढे लेझीमवाल्या मुली होत्या. अर्ध्या मात्रेशी त्यांची पहिली रांग उजवीकडे आणि दुसरी डावीकडे गेली, तिसरी त्या दोन्ही रांगांवर जाऊन आपटली. मंडळाच्या अध्यक्षांनी ट्रॅक्टरवर चढून मन्मथला हात जोडले आणि विनवलं की मन्मथप्पा, गणपतीसाठी तरी सरळ वाजवा. मन्मथचं उत्तर होतं की नदी सरळ जात नाही. जब्बारने त्याच्याकडे न बघता सरळ ठेका धरला आणि मिरवणूक पुढे सरकली.

तर ती नदी. सप्तपाताळची मुख्य कृती 'गोदाकल्प'. सात भाग. पहिल्यात विश्वाची उत्पत्ती, पाचव्यात गोदावरी नांदेडला पोचते. शब्द मन्मथचेच: "हे आदिम आर्द्रते, उघड तुझे अक्षांश." जब्बारने अक्षांश कुठल्या मोहल्ल्यात आहे असं विचारल्याचं मला आठवतं. सहावा भाग विष्णुपुरीच्या धरणाचा. धरणाचे दरवाजे बंद होतात, आणि सगळी वाद्यं थांबतात. एकदम शांतता. किती वेळ, ते ठरलेलं नव्हतं. मन्मथ म्हणे, पाणी साचेल तेवढा वेळ. मग सातवा भाग, दरवाजे उघडतात. तो एकटा मन्मथ वाजवणार होता. तालमीतही त्याने तो कोणाला ऐकवला नव्हता. मी सिव्हिलला असल्यामुळे, दरवाजे एकदम उघडतात की हळूहळू, एवढं मात्र त्याने मला विचारून घेतलं. मी म्हटलं, हळूहळू, नाही तर खालची गावं वाहून जातील. त्याने ते फार गंभीरपणे ऐकलं.

गोदाकल्पाचा पहिला प्रयोग कॉलेजच्या गॅदरिंगला झाला. आप्पा मुरुडहून एसटीने आले, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन. पहिल्या रांगेत, मांडीवर डबा, असे ते पाच भाग न हलता बसले. सहावा सुरू झाला. दरवाजे बंद झाले. शांतता पसरली. आमच्याकडे स्टेजवर शांतता पसरली की तिथे कोणी तरी माइककडे जातं. आमचे सांस्कृतिक विभागाचे सर लगबगीने पुढे झाले आणि त्यांनी आभार मानायला सुरुवात केली. प्राचार्यांचे, मंडपवाल्याचे, ध्वनिक्षेपकवाल्याचे, ज्ञात-अज्ञात सर्वांचे. मन्मथ हात वर करून उभा होता. सरांना वाटलं तो अभिवादन करतो आहे. त्यांनी त्याचेही आभार मानले. लोक चपला शोधायला लागले.

आप्पा स्टेजमागे आले, डबा मुलाच्या हातात दिला आणि म्हणाले, "ऐकलं बाबा. सगळं ऐकलं." मन्मथने सांगायचा प्रयत्न केला की अजून एक भाग राहिला आहे. आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे की. लई झालं." त्यांना शेवटची गाडी गाठायची होती.

दुसरा प्रयोग उमरीला, मन्मथच्या मामाने कापसाची नवी जिनिंग काढली तिच्या उद्घाटनाला. मेहुण्याचं काम म्हणून आप्पा हजर होतेच. त्या काळात आमच्याकडे वीज असण्यापेक्षा नसण्याची सवय जास्त होती. सहाव्या भागात आवाज थांबला मात्र, मागून दोघं-तिघं एकदम म्हणाले, लाइट गेली. दिवे सगळे लखलखत होते. पण आवाज बंद म्हणजे लाइट गेली हे डोळ्यांपेक्षा लोकांना जास्त पटत होतं. कोणी टॉर्च लावला. मामा ओरडले, जनरेटर लावा. वायरमन धावत गेला आणि त्याने तत्परतेने मेन स्विच पाडला. मग खरोखरच लाइट गेली. ती आली तोपर्यंत पंगत बसली होती आणि आप्पांच्या पानात बुंदी पडली होती. "चांगलं झालं रे," ते मुलाला म्हणाले, "ह्या वेळी जरा आटोपशीर होतं."

मन्मथला सगळ्यांनी सांगितलं की ती शांतता काढून टाक. मी सांगितलं, जब्बारने सांगितलं, मामाने तर मोफत जागा देऊन सांगितलं. तो ऐकेना. मी म्हटलं, तुझ्या वडिलांना शेवटचा भाग ऐकवायचा आहे ना, मग घरी बसून तेवढाच ऐकव. त्यावर तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसं मी घागर न वाजवता विकत घ्यायला निघालो आहे. "दरवाजे लावल्याबिगर उघडायचं काय, देशपांड्या?"

एक रेकॉर्डिंगही झालं. सहाव्या भागाशी कॅसेटीची बाजू संपली. मुलं आज जे एकमेकांना पाठवतात ते हेच. शेवटी कॅसेट खट्‌ करून थांबल्याचा आवाज येतो. त्यावरही मुलांनी चर्चा केली आहे आणि त्यांना तो फार धाडसी शेवट वाटतो.

कॉलेज संपलं. मी पाटबंधारे खात्यात नोकरी धरली. जब्बारने घरचा बँड मोठा केला. मन्मथने इंजिनिअरिंगची पदवी दुकानात फ्रेम करून लावली आणि आप्पांबरोबर भांडी विकायला लागला. मुरुडचं दुकान लातूरला आलं. मी अधूनमधून जात असे. गल्ल्यामागच्या फळीवर झूल घडी करून ठेवलेली असे, तिला दर पोळ्याला ऊन दाखवत. स्टीलचा जमाना आला होता. स्टील वाजवून बघायला कोणी थांबत नाही. आप्पा मात्र गादीवर बसून आलेलं प्रत्येक भांडं वाजवत आणि हात वर करत. गिऱ्हाईक फोनवर बोलत राही. आप्पांचा हात तसाच वर.

गेल्या वर्षी मन्मथचा फोन आला. दुकानाच्या वर्धापनदिनाला मंगल कार्यालय घेतलं आहे, सप्तपाताळ वाजवणार आहे आणि सूत्रसंचालन मी करायचं आहे. मी त्याला आठवण करून दिली की मला त्याचा बँड आवडत नाही.

"म्हणून तर," तो म्हणाला. "आवडणारे लोक मधी बोलतेत."

मग म्हणाला, "आप्पांचा डावा कान गेला बघ. उजवा हाय अजून थोडा. तेवढ्यात सातवा भाग ऐकवायचाय." मी तारीख लिहून घेतली.

मी पाटबंधाऱ्याच्या शिस्तीने तयारी केली. आभार प्रदर्शन कार्यक्रमपत्रिकेतून काढलं. माइक एकच ठेवला आणि तो माझ्या हातात. वायरमनला मेन स्विचपासून लांबच्या खुर्चीत बसवून त्याला चहा दिला. आचाऱ्याला सांगितलं की शांतता झाली म्हणजे वाढायला घ्यायचं असं नाही. एका गोष्टीचा बंदोबस्त माझ्या हातात नव्हता. आमच्या भागातले एक नेते प्रमुख पाहुणे होते आणि ते अर्थातच आले नव्हते. ते कधी येतील हे कोणालाच माहीत नव्हतं. आले की कार्यक्रम असेल तिथे थांबतो, फटाके, घोषणा, शाल, फेटा, नारळ, आणि त्यानंतर कार्यक्रम कुठे थांबला होता हे कोणाला आठवत नाही. हे आमच्याकडे ठरलेलंच आहे.

मन्मथ झूल घालून उभा राहिला. पन्नाशीतल्या पोटावर ती बैलाला बसते तशीच नीट बसत होती. आप्पा पहिल्या रांगेत, खुर्ची जरा तिरकी करून, उजवा कान स्टेजकडे. विश्वाची उत्पत्ती झाली. मला ती पूर्वीसारखीच लांबलेली वाटली. आदिम आर्द्रतेने अक्षांश उघडले. जब्बारचे केस पिकले होते पण साडेसात मात्रा शाबूत होत्या. मग दरवाजे बंद झाले.

शांतता. मी दारापाशी माइक छातीशी धरून उभा राहिलो. मागे एकाने टाळी वाजवायला हात उचलले, मी त्याच्याकडे बघितलं, त्याने त्याच हातांनी केस सारखे केले. एक आजोबा चपलांकडे निघाले होते ते अर्ध्यात थांबले. आणि नेमके तेव्हाच दारात नेते आले. मागे पंचवीस-तीस कार्यकर्ते. त्यातल्या पहिल्याने घोषणेसाठी तोंड उघडलं.

नेत्यांनी त्याला खांद्यावर हात ठेवून थांबवलं. त्यांनी सभागृह बघितलं होतं. सगळे गप्प. स्टेजवर वाद्यं बंद करून खाली मान घालून उभे असलेले चार जण. असा देखावा त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता. त्यांनी चपला बाजूला काढल्या, हात जोडले आणि डोळे मिटून मान खाली घातली. कार्यकर्त्यांनीही घातली. ते बघून मागच्या रांगा उभ्या राहिल्या, मग मधल्या, मग सगळं सभागृह. आप्पांनी मागे वळून पाहिलं आणि तेही काठी टेकत उठले.

विष्णुपुरीत नाही, उमरीत नाही, पण लातूरच्या त्या कार्यालयात पाणी साचू लागलं. आचारी झारा हातात धरून दारात उभा होता. दोन मिनिटं झाली असतील, नसतीलही. मन्मथ हलला नाही. नेते माझ्याकडे किंचित झुकले आणि ओठ न हलवता त्यांनी विचारलं, "कोण गेलं?"

मी मध्ये बोलणार नाही असा शब्द दिला होता. मी नुसतं खाली बघितलं.

"लई वाईट झालं," ते म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले.

मन्मथने गिटार काढून ठेवली. खाली वाकून त्याने तीन तांब्याच्या घागरी वर घेतल्या, लहान, मधली, मोठी. मोठीवर दुकानाचं स्टिकर तसंच होतं. त्याने तिला बोटाच्या पेराने एक टोला दिला. आवाज सबंध सभागृहातून फिरला आणि बारीक होत गेला. तो पुरता विरला तेव्हा मधली. ती विरली तेव्हा लहान. हळूहळू तो दोन आवाजांमधली वाट बघणं कमी करत गेला. आधीचा संपायच्या आत पुढचा, त्याच्यात तिसरा. जब्बारने काड्या ठेवून नुसत्या बोटांनी साथ धरली, सरळ, एकही अर्धी मात्रा न घेता. खालची गावं वाहून जाणार नाहीत इतक्या बेताने ते पाणी आलं. शब्द नव्हते. चैतन्यही नव्हतं. शेवटी पुन्हा मोठी घागर, एकच टोला, आणि त्याने हात काढून घेतला.

सभागृह टाळ्या वाजवणार एवढ्यात पहिल्या रांगेत एक हात वर झाला. आप्पांचा. ते उभेच होते, मान वाकडी करून, उजवा कान पुढे. कोणी टाळी वाजवली नाही. नेत्यांनीही डोळे उघडून त्या हाताकडे पाहिलं आणि ते तसेच थांबले. आवाज जात राहिला. मला तो येईनासा झाला तरी आप्पांचा हात वरच होता. त्या एका कानाने ते काय ऐकत होते कोण जाणे. मग हात खाली आला.

"खोट न्हाई," आप्पा म्हणाले.

मुलं मला विचारतात की सप्तपाताळबद्दल तुमचं मत काय. मी सांगतो की पहिले पाच भाग आजही मला नको वाटतात, त्यातली विश्वाची उत्पत्ती निम्म्यात उरकता येईल, आणि अक्षांशांचं काही तरी करायला हवं. सहावा भाग मात्र मी आता काढू देणार नाही. मुलांना यातलं काही कळत नाही, कारण त्यांच्याकडे कॅसेट खट्‌ करून थांबते.

नंतर सत्कार झालेच. नेत्यांनी हलकुडे परिवाराच्या दुःखात सहभागी असल्याचं सांगितलं. कोणी त्यांना दुरुस्त केलं नाही, माइक तेव्हा त्यांच्या हातात होता. जेवणं झाली. मी मन्मथचा निरोप घ्यायला परत आत गेलो. सभागृह रिकामं झालं होतं. आप्पा खुर्चीत बसले होते, मांडीवर मोठी घागर. समोर मन्मथ उभा होता, अंगात झूल, झुलीवर शाल, डोक्याला फेटा, काखेत नारळ. आप्पांनी घागरीला पेराने टोला दिला आणि हात वर केला. मन्मथ मान खाली घालून थांबला.

मी दारातूनच मागे फिरलो. आवाज अजून संपला नव्हता.